रुळाची रुंदी, गाडीची मालकी

सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम कोणत्या यंत्रासाठी तयार करायचा आहे, हे कंपायलरला एका नावाने सांगावे लागते. या नावाला टार्गेट नाव किंवा टार्गेट ट्रिपल म्हणतात. ग्नू कंपायलरच्या परंपरेत ते आडव्या रेघांनी जोडलेल्या तुकड्यांचे असते. पहिला तुकडा प्रोसेसरच्या घराण्याचा, दुसरा यंत्र पुरवणाऱ्याचा, तिसरा ऑपरेटिंग सिस्टिमचा. बहुतेक वेळा चौथाही असतो. प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यात देवाणघेवाण कोणत्या पद्धतीने होणार, हे तो सांगतो. तुकडे चार झाले तरी ‘ट्रिपल’ हे जुने नाव तसेच राहिले. ‘रिस्कव्ही६४-अननोन-लिनक्स-ग्नू’ हे असेच एक नाव. रिस्क-फाइव्ह घराण्याचा ६४ बिटांचा प्रोसेसर, पुरवठादार नोंदवलेला नाही, ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स, सी लायब्ररी ग्नूची, एवढा मजकूर त्यात भरलेला आहे.

भारतीय प्रोसेसरांचा विषय निघाला की या नावावरून एक आक्षेप ऐकू येतो. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, आयआयटी मुंबईचा अजित यांपैकी एकाचेही नाव टार्गेटच्या पहिल्या तुकड्यात नाही. शक्ती आणि वेगासाठी ‘रिस्कव्ही’ लिहावे लागते, अजितसाठी ‘स्पार्क’. ही दोन्ही नावे कॅलिफोर्नियात जन्मलेली. दुसऱ्या तुकड्यात तर ‘अननोन’, म्हणजे अज्ञात. ज्याला कंपायलर नावाने ओळखत नाही तो प्रोसेसर स्वदेशी कसला, असा प्रश्न विचारला जातो, आणि त्यापाठोपाठ मागणी येते: देशाला स्वतःचे टार्गेट नाव हवे, त्यासाठी स्वतःचा आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा संच, हवा.

या आक्षेपामागची कळकळ खरी आहे. परक्याच्या परवानगीवर चालणारे तंत्रज्ञान किती महागात पडते, हे या देशाने अनुभवले आहे. पण त्या कळकळीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो अमलात आणला तर नुकसान होईल ते ज्यांच्या हाती देशी प्रोसेसर पडावा अशी इच्छा आहे त्यांचेच, म्हणजे अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांचे. म्हणून त्याचे उत्तर तपशिलाने द्यायला हवे.

आधी ‘अननोन’ या शब्दाविषयी. हा शब्द भारतीय चिपसाठी राखून ठेवलेला नाही. रस्ट भाषेचा कंपायलर इंटेलच्या साध्या डेस्कटॉपवरही ‘एक्स८६_६४-अननोन-लिनक्स-ग्नू’ असेच टार्गेट दाखवतो. डेबियन या लिनक्स वितरणाने तर आपल्या नावांतून पुरवठादाराचा तुकडा पूर्णपणे गाळला आहे. सन, डिजिटल, एचपी, आयबीएम या कंपन्या आपापला प्रोसेसर आणि आपापले युनिक्स विकत होत्या, त्या काळात या तुकड्याला अर्थ होता. ‘स्पार्क-सन’ म्हटले की पुढचे बरेचसे आपोआप कळे. आज तो बहुतांशी रिकामा रकाना आहे. तिथे देशी नाव घालायला कोणाची मनाईही नाही. ‘कॉन्फिग.सब’ ही जी स्क्रिप्ट ही नावे तपासते, ती पुरवठादाराच्या जागी कोणताही शब्द खपवून घेते. ‘रिस्कव्ही६४-शक्ती-लिनक्स-ग्नू’ असे लिहून कंपायलर आजही बांधता येतो. त्याने तयार केलेल्या आज्ञा ‘अननोन’वाल्या कंपायलरच्या आज्ञांसारख्याच असतील. मागणी मान्य झाल्यावर काय बदलेल, याचे उत्तर असे आजच हाताशी आहे.

पहिल्या तुकड्याचा प्रश्न याहून महत्त्वाचा. तिथले नाव निर्मात्याचे असते, या समजुतीवर सगळा आक्षेप उभा आहे. ती समजूत कोणत्याही संगणक प्रयोगशाळेत पाच मिनिटांत मोडते. इंटेलच्या यंत्रावर उबुंटू टाकायचे असले की जी फाइल उतरवली जाते, तिच्या नावात ‘एएमडी६४’ लिहिलेले असते. एएमडी ही इंटेलची थेट स्पर्धक. ६४ बिटांचा हा आज्ञासंच एएमडीने आखला आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन प्रोसेसरातून बाजारात आणला. इंटेलने त्याआधी, २००१ मध्ये, इटॅनियमच्या रूपाने पूर्णपणे नवा ६४ बिटांचा आज्ञासंच आणला होता. त्याला कंपायलरमध्ये स्वतंत्र नावही होते, ‘आयए६४’. जगातली सर्वांत बलाढ्य चिप कंपनी त्यामागे उभी होती. तरीही त्याच्यासाठी सगळे सॉफ्टवेअर नव्याने तयार करावे लागे आणि ते पुरेसे तयार झाले नाही. २००४ मध्ये इंटेलने एएमडीचा आज्ञासंच स्वीकारला. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स ६.७ मधून ‘आयए६४’ काढून टाकले गेले. स्पर्धकाच्या नावाने ओळखला जाणारा आज्ञासंच वापरल्यामुळे इंटेलचा प्रोसेसर एएमडीचा झाला, असे कोणी म्हणत नाही. हाच न्याय पवईच्या किंवा चेन्नईच्या प्रोसेसराला लावायला हरकत नसावी.

टार्गेट नाव शेवटी जाते कुठे, हे जवळून पाहिले तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक कंपाइल केलेल्या प्रोग्रामच्या फाइलीच्या सुरुवातीला एक शीर्षक असते. ६४ बिटांच्या फाइलीत ते बरोबर ६४ बाइटांचे. विद्यार्थ्याने दहा ओळींचा प्रोग्राम रिस्क-फाइव्हसाठी कंपाइल केला आणि ‘हेक्सडंप’ने ती फाइल उघडली, तर पहिले चार बाइट दिसतात ७एफ ४५ ४सी ४६. शेवटच्या तीन बाइटांत ‘ई, एल, एफ’ ही अक्षरे आहेत. पाचवा बाइट ०२, म्हणजे ६४ बिटांची फाइल. सहावा ०१, म्हणजे संख्येचा लहान भाग आधी. त्यानंतर एकोणिसाव्या आणि विसाव्या जागी एफ३ ००. ही संख्या २४३, रिस्क-फाइव्ह घराण्याचा क्रमांक. तोच प्रोग्राम नेहमीच्या डेस्कटॉपसाठी कंपाइल केला तर त्या जागी ६२ येतो, ६४ बिटांच्या आर्मसाठी १८३. स्पार्कसाठी केला तर सहावा बाइट ०२ होतो, कारण स्पार्कमध्ये संख्येचा मोठा भाग आधी लिहितात, आणि यंत्राचा क्रमांक येतो ०० ०२, म्हणजे २. रिस्क-फाइव्हची फाइल डेस्कटॉपवर चालवू पाहिली की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ हे तीन शब्द पडद्यावर येतात. ज्याने कधीतरी चुकीच्या यंत्रावर फाइल नेली आहे, त्याला ते पाठ असतात. लिनक्सने तो क्रमांक वाचला, हे आपले काम नव्हे असे ओळखले आणि फाइल परत केली. त्या ६४ बाइटांत निर्मात्याचे नाव लिहायला जागाच नाही. हा प्रोग्राम शक्तीसाठी की वेगासाठी की अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीच्या चिपसाठी, हे विचारण्याची लिनक्सला गरज पडत नाही. आज्ञा समजतात का, बिट किती, क्रम कोणता आणि देवाणघेवाणीची पद्धत कोणती, एवढेच त्याला हवे असते.

मूर्तिजापूर स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भेद चटकन कळेल. मुंबई-हावडा मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटर रुंदीचे. तिथूनच एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे रूळ ७६२ मिलिमीटरचे होते. यवतमाळकडून आलेल्या कापसाच्या गाठी मूर्तिजापुरात एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागत, कारण अरुंद रुळांची वाघीण रुंद रुळांवर चढत नाही. शकुंतला एका ब्रिटिश कंपनीने बांधली, आणि इतर रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. वऱ्हाडात त्यावर वर्षानुवर्षे संताप व्यक्त झाला, आणि तो रास्त होता. पण मार्ग भारतीय करावा म्हणून त्याची रुंदी ७७० मिलिमीटर करावी, असे कोणी सुचवले नाही. रुंदी हा गाडी आणि रूळ यांच्यातला करार. मालकी हा कागदोपत्री सोडवायचा वेगळा प्रश्न. रुंदी जगावेगळी ठेवली असती तर मालकी बदलली नसतीच, वर दुसऱ्या कोणत्याही मार्गावरचा डबा इथे कधी आणता आला नसता. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा वऱ्हाडाला मिळाले ते नवे नाव नव्हते. देशभर धावणारी गाडी आता या रुळांवरूनही जाऊ लागली, हा खरा लाभ होता.

टार्गेट नाव ही अशी रुंदी आहे. सातबाऱ्याचे काम तिच्याकडून अपेक्षित करू नये.

महाराष्ट्राच्या संगणक-इतिहासात याचा भरभक्कम दाखला आहे, आणि त्याची एक मुळी याच मूर्तिजापूर तालुक्यात आहे. परम महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर यांचा जन्म याच तालुक्यातल्या मुरंबा गावचा. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर होते. १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क आले. पुढच्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर४, २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे झिऑन. म्हणजे परम या एका नावाखाली कंपायलरचे टार्गेट तीन वेळा पूर्णपणे बदलले. ‘परम’ नावाचे टार्गेट कोणत्याही कंपायलरला माहीत नव्हते. मग परममध्ये भारतीय काय होते? शेकडो प्रोसेसरांना एकमेकांशी जोडणारी रचना, त्यांच्यावर काम वाटून देणारे सॉफ्टवेअर, आणि हवामानापासून भूगर्भशोधापर्यंतचे प्रोग्राम त्या रचनेत बसवणारी माणसे. हे सगळे टार्गेट नावाच्या बाहेर होते आणि म्हणूनच प्रोसेसर बदलल्यावरही शिल्लक राहिले. परमला त्या वेळी स्वतःच्या आज्ञासंचाच्या हट्टाला बांधले असते, तर दुसऱ्या पिढीलाच सर्व काही पुन्हा लिहावे लागले असते.

अजितचे उदाहरण त्याहून थेट. आयआयटी मुंबईत माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रोसेसर आखला, मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर तो बनला, आणि २०१९ मध्ये त्याची माहिती लोकांसमोर आली. त्याने स्वीकारलेला आज्ञासंच स्पार्क व्ही८. स्पार्कची सुरुवात सन कंपनीत झाली, १९८७ मध्ये. पण व्ही८ ही आवृत्ती १९९४ मध्ये आयईईईचे १७५४ क्रमांकाचे प्रमाणक झाली. प्रमाणक झालेला आज्ञासंच कोणीही वाचून त्याप्रमाणे प्रोसेसर बांधू शकतो. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, सनची पाटी उतरली, तरी व्ही८ जागच्या जागी राहिला. युरोपीय अवकाश संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेला लिऑन हा प्रोसेसरही त्याच प्रमाणकावर बांधलेला आहे आणि उपग्रहांत वापरला जातो. युरोपने आपल्या उपग्रहांच्या प्रोसेसरासाठी ‘स्पार्क’ हे टार्गेट वापरले म्हणून त्याचे युरोपीयपण कमी झाले, असे तिथे कोणाला वाटले नाही.

अजितला या निवडीतून काय मिळाले? पहिल्या दिवशी ग्नूचा सी कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि डीबगर मिळाला. त्यांतल्या हजारो चुका जगभरच्या लोकांनी तीन दशकांत शोधून दुरुस्त केलेल्या. स्पार्कची एक खासियत आहे: प्रत्येक फंक्शनला रजिस्टरांची नवी खिडकी मिळते. फंक्शन आत शिरले की खिडकी सरकते, बाहेर आले की मागे येते, आणि खिडक्या संपल्या की जुन्या खिडकीतला मजकूर मेमरीत हलवावा लागतो. हे व्यवहार कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोघांनी मिळून बिनचूक सांभाळावे लागतात. एवढी एक गोष्ट नव्याने लिहून पक्की करायची म्हटले तरी कुशल माणसांची काही वर्षे जातील. ‘स्पार्क’ हे नाव लिहिताच ते काम तयार मिळते. पवईतल्या त्या चमूची ताकद पाइपलाइन, कॅश आणि प्रत्यक्ष चिप यांवर खर्च झाली, जिथे ती व्हायला हवी होती.

स्वतःचा आज्ञासंच आणला तर काय करावे लागते, हे सांगायला परदेशी दाखल्याचीही गरज नाही. इस्रो आणि सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी यांनी २०२५ मध्ये दोन ३२ बिटांचे प्रोसेसर पुढे आणले, विक्रम३२०१ आणि कल्पना३२०१. विक्रमचा आज्ञासंच खास त्याच्यासाठी आखलेला. तो प्रक्षेपकाच्या आत बसतो आणि २००९ पासून वापरात असलेल्या १६ बिटांच्या विक्रमची परंपरा पुढे नेतो. त्याच्यासाठी अडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर ही सगळी साधने इस्रोने घरीच तयार केली. चिप जाहीर झाली तेव्हा सी कंपायलरचे काम चालू होते. कल्पनाचा आज्ञासंच आयईईई १७५४ म्हणजे स्पार्क व्ही८, आणि म्हणून खुली साधने त्याच्यावर चालतात. दोन्ही प्रोसेसर एकाच घरातले, तितकेच भारतीय. विक्रमची निवड प्रक्षेपकासाठी योग्य आहे: तिथे चालणारे प्रोग्राम मोजके, ते लिहिणारे एकाच संस्थेतले, आणि बाहेरचा कोणताही प्रोग्राम तिथे कधीच चढणार नाही. पण अकोल्याच्या बाजार समितीतला वजनकाटा, मेळघाटातल्या आरोग्य केंद्रातले तपासणी यंत्र किंवा महाविद्यालयातला लॅपटॉप यांना प्रक्षेपकाचा न्याय लावता येत नाही. त्यांच्यावर दुसऱ्यांनी लिहिलेले हजारो प्रोग्राम चालावे लागतात.

इथे चीनचे नाव पुढे केले जाते. लूंगसन कंपनीने २०२१ मध्ये लूंगआर्च हा स्वतःचा आज्ञासंच जाहीर केला आणि कंपायलरमध्ये स्वतःचे नाव मिळवले. फाइलीच्या शीर्षकात त्याचा क्रमांक २५८. हे खरे आहे, आणि त्या कामाबद्दल आदरच वाटावा. मात्र त्याची किंमतही पाहायला हवी. लूंगसन त्याआधी दीर्घकाळ मिप्सच्या आज्ञासंचावर प्रोसेसर बनवत होती. स्वतःचे नाव हे तिचे पहिले पाऊल नव्हते. नाव घेतल्यावर ग्नू कंपायलर, लिनक्स, एलएलव्हीएम यांच्यात त्याचा आधार २०२२ आणि २०२३ मध्ये पोचला, आणि त्यासाठी पगारी अभियंत्यांची फौज लावावी लागली. एवढे करूनही सुरुवातीच्या आणि नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाणीची पद्धत बदलली. त्यामुळे ‘जुने जग’ आणि ‘नवे जग’ असे दोन तट पडले, आणि एका जगाचा प्रोग्राम दुसऱ्यात थेट चालेना. एकाच देशात, एकाच आज्ञासंचावर हे घडले. ज्यांच्याकडे अशी फौज नाही त्यांनी आधी नाव मागणे म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नाही, आणि तो वऱ्हाडातल्याच उदाहरणाने मांडता येतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या कापसाच्या वाणांना अकोल्याचे नाव आहे: एकेएच-०८१, एकेए-७, एकेए-८. वाणाला गावाचे नाव मिळते, तर प्रोसेसरला देशाचे का नको? याचे उत्तर त्याच नावांत आहे. ‘एके’ म्हणजे अकोला. पुढचा ‘एच’ हिर्सुटमचा आणि ‘ए’ आर्बोरियमचा, म्हणजे कापसाच्या प्रजातीचा. आर्बोरियम हा देशी कापूस. हिर्सुटम मूळचा मेक्सिकोकडचा, ज्याला शेतकरी अमेरिकन म्हणतात. अकोल्याच्या शास्त्रज्ञांनी परक्या प्रजातीतून वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीला आणि कोरडवाहू शेतीला मानवणारा वाण काढला, त्याला अकोल्याचे नाव दिले, आणि प्रजातीचे नाव जसेच्या तसे ठेवले. ते बदलले असते तर कोणत्या वाणाशी संकर होईल आणि कोणाशी होणार नाही, हे सांगणारी खूणच पुसली गेली असती. एकेएच-०८१ अकोल्याचा आहे याबद्दल शंका घेतली जात नाही, त्यात ‘हिर्सुटम’ हे लॅटिन नाव बसलेले असूनही.

कंपायलरमध्येही प्रजातीची जागा वेगळी आणि वाणाची वेगळी. टार्गेटचा पहिला तुकडा प्रजातीचा. वाणासाठी ‘-एमसीपीयू’ आणि ‘-एमट्यून’ हे पर्याय आहेत: घराणे तेच, पण हा विशिष्ट प्रोसेसर गृहीत धरून आज्ञांची मांडणी कर, असे त्यांतून कंपायलरला सांगता येते. रिस्क-फाइव्हमध्ये तर निर्मात्याची ओळख प्रत्यक्ष चिपमध्येच कोरलेली असते. ‘एमव्हेंडरआयडी’ नावाच्या रजिस्टरात निर्मात्याचा क्रमांक, ‘एमआर्चआयडी’मध्ये त्या गाभ्याच्या रचनेचा. खुल्या रचनांना हा दुसरा क्रमांक रिस्क-फाइव्ह इंटरनॅशनलकडून मिळतो, आणि शक्तीच्या ई-क्लास व सी-क्लास या गाभ्यांची नावे त्या यादीत आहेत. प्रोग्रामने विचारले तर प्रोसेसर आपले कूळ सांगतो. नाव आहेच, ते सोडून रुळाची रुंदी बदलण्याचा आग्रह का?

निर्मात्याने स्वतःची नवी आज्ञा घातली तर तिलाही रीतसर जागा आहे. रिस्क-फाइव्हमध्ये अशा भरीच्या नावाची सुरुवात ‘एक्स’ने होते. ही शिस्त किती गरजेची, हे अलीबाबाच्या टी-हेड विभागाच्या प्रोसेसरांवरून दिसले. त्यांनी व्हेक्टर आज्ञांचा ०.७.१ हा मसुदा चिपमध्ये उतरवला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली १.० ही आवृत्ती त्याच्याशी जुळेना. दोघांना ‘व्ही’ हेच अक्षर राहिले असते तर १.० साठी कंपाइल केलेला प्रोग्राम त्या चिपवर जाऊन चुकीचे उत्तर देऊ शकला असता किंवा मध्येच कोसळला असता. शेवटी ग्नू कंपायलरने त्या मसुद्याला ‘एक्स-टीहेड-व्हेक्टर’ असे वेगळे नाव दिले. आर्मच्या बाबतीत तर असा गोंधळ प्रत्यक्षात झालाच. डेबियनचे ‘आर्मएचएफ’ हे नाव आर्मच्या सातव्या आवृत्तीपासून पुढच्या प्रोसेसरांसाठी होते. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये सहाव्या आवृत्तीचा प्रोसेसर होता, म्हणून २०१२ मध्ये रास्पबियनने सगळी पॅकेजेस त्याच्यासाठी पुन्हा तयार केली. नाव मात्र ‘आर्मएचएफ’च ठेवले. एका नावाचे दोन अर्थ झाले. डेबियनचा प्रोग्राम जुन्या पायवर नेला की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून तो थांबे, आणि फाइलीचे नाव पाहून कारण कळत नसे. ज्यांनी ही बोर्डे घेऊन प्रकल्प केले त्यांचे कितीतरी तास यात गेले. टार्गेट नावाबद्दल भांडायचे असेल तर इथे भांडावे: नाव खरे असावे, त्यातून करार पूर्ण कळावा, दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव नसावे आणि एकाच गोष्टीला चार नसावीत.

सामायिक नावाचा लाभ सर्वांत आधी मिळतो तो साधने नसलेल्या माणसाला. शेगावच्या विद्यार्थ्याकडे शक्तीचा बोर्ड नसतो, वेगाचाही नसतो. पण ‘रिस्कव्ही६४’साठीचा कंपायलर त्याच्या जुन्या लॅपटॉपवर एका आदेशात उतरतो आणि क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर त्या प्रोसेसराची नक्कल करून प्रोग्राम चालवून दाखवते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ‘रिस्कव्ही६४’ला अधिकृत स्थान मिळाले, हजारो पॅकेजेस तयार स्वरूपात हाती आली. त्यातला एकही प्रोग्राम भारतीय चिप डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला नसेल, आणि तरी आवश्यक आज्ञा पुरवणाऱ्या भारतीय चिपवर तो चालेल. प्रत्येक चिपला वेगळे टार्गेट दिले, तर प्रत्येक पॅकेज प्रत्येक चिपसाठी पुन्हा बांधावे, तपासावे आणि सांभाळावे लागेल. ते काम कोण करणार, याचे उत्तर स्वतंत्र नाव मागणाऱ्यांकडून अजून आलेले नाही.

परावलंबनाची भीती खरी आहे, पण तिची कसोटी दुसरीकडे लागते. आज्ञासंच कोणी बंद करू शकतो का, हे परवान्यावरून कळते. एक्स८६ वर प्रोसेसर बनवायचा तर दोन-तीन कंपन्यांबाहेर वाट नाही, आर्मला परवान्याचे पैसे मोजावे लागतात, स्पार्क व्ही८ आणि रिस्क-फाइव्ह खुले आहेत. चिप कुठे बनते, हा दुसरा प्रश्न, आणि मोहालीच्या १८० नॅनोमीटरपासून पुढची वाट लांब आहे. तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो: कंपायलरच्या आत हात घालू शकणारी माणसे देशात किती? आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चालले, आणि त्याच्या कार्यशाळांत ग्नू कंपायलरचे अंतरंग शिकवले गेले: भाषेतले वाक्य टप्प्याटप्प्याने यंत्राच्या आज्ञेत कसे उतरते, आणि त्या यंत्राचे वर्णन कंपायलरला कोणत्या फाइलींतून दिले जाते. महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांत कंपायलर हा विषय असतो, पण तो बहुधा पार्सरच्या तक्त्यांपाशीच संपतो. प्रत्यक्ष कंपायलरची एखादी फाइल उघडून पाहण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

अशी एक फाइल ग्नू कंपायलरच्या स्पार्क विभागात आहे, ‘लिऑन.एमडी’. युरोपच्या त्या प्रोसेसराचे नाव इथे आहे, टार्गेटच्या पहिल्या तुकड्यात नाही. मेमरीतून वाचलेला आकडा किती चक्रांनंतर वापरता येतो, फ्लोटिंग-पॉइंट गुणाकाराला किती चक्रे लागतात, भागाकार चालू असताना दुसरे काय करता येते, असे तपशील काही मोजक्या ओळींत लिहिलेले. ते वाचून कंपायलर आज्ञांचा क्रम असा लावतो की लिऑन रिकामा बसू नये. त्याच विभागात सनच्या अल्ट्रास्पार्कसाठी आणि नायगारासाठीही अशा फाइली आहेत. अजितचे नाव ग्नू कंपायलरमध्ये लिहायचे तर ते या ओळीत. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. लागतो तो बोर्ड, प्रत्येक आज्ञेला लागणारी चक्रे मोजणारा छोटा प्रोग्राम, आणि त्या मोजमापांवरून ती फाइल लिहून, बदल तपासणाऱ्यांच्या प्रत्येक शंकेला उत्तर देईपर्यंत मागे न हटणारा एखादा विद्यार्थी.